वळणे अनेक, वाट एकच
(अंगणात आखल्या जाणाऱ्या लॅबिरिंथविषयी)



आपल्या धर्मग्रामातील युवक-युवतींनी धर्मग्राम परिषदेपुढे एक विनंती ठेवली आहे. चर्चच्या मागील अंगणात, जेथे रविवारी दुचाक्या उभ्या असतात त्या कोब्यावर, उपवासकाळासाठी चालत जाता येईल असा मोठा लॅबिरिंथ रंगवावा, अशी त्यांची इच्छा आहे. परिषदेत चर्चा झाली तेव्हा वडीलधाऱ्यांनी तीन शंका काढल्या. हा प्रकार ख्रिस्ती आहे का? या आकृतीची सुरुवात क्रूसाने होते म्हणतात, मग क्रूस पायाखाली येणार का? आणि अशा गोल गोल चालण्याने आत्म्याचे भले ते काय होणार?

तिन्ही शंका प्रामाणिक आहेत. घाईने हो किंवा नाही म्हणण्यापेक्षा आपण सर्वांनी मिळून विषय समजून घ्यावा असे आम्हाला वाटले. म्हणून या रविवारचा अभ्यासलेख त्यासाठी ठेवला आहे.

१. भूलभुलैया नव्हे

प्रथम एक गैरसमज दूर करू या. भूलभुलैयात अनेक वाटा असतात. काही पुढे जातात, काही मध्येच बंद होतात. कोणती निवडावी हे डोके चालवून ठरवावे लागते आणि चुकले की माणूस अडकतो. लॅबिरिंथचे तसे नाही. त्यात एकच वाट असते. ती कोठे फुटत नाही, कोठे बंद होत नाही. वळणे मात्र पुष्कळ असतात. चालत राहणारा मध्यापर्यंत पोहोचतो आणि त्याच वाटेने परत बाहेर येतो.

आपल्याकडे अशा आकृतीला चक्रव्यूह म्हणण्याची रीत आहे. कर्नाटकात हळेबीड येथे बाराव्या शतकातील होयसळेश्वर मंदिरात महाभारतातील चक्रव्यूह कोरला आहे, तो लॅबिरिंथच्याच आकाराचा. पण अभिमन्यूची कथा आपणा सर्वांना ठाऊक आहे. त्याला आत शिरणे माहीत होते, बाहेर पडणे माहीत नव्हते. लॅबिरिंथमध्ये ही भीती नाही. ज्या वाटेने आत गेलो तीच बाहेर आणते. येथे कोणी हरवत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवावा, कारण पुढील सारी शिकवण त्यावरच उभी आहे.

२. हा प्रकार ख्रिस्ती आहे का?

खरे सांगायचे तर ही आकृती ख्रिस्ती धर्माहून जुनी आहे. ग्रीस देशात पायलॉस येथे सापडलेल्या एका मातीच्या पाटीवर ती आहे आणि ती पाटी इसवी सनापूर्वी सुमारे १२०० वर्षांची आहे. क्रीट बेटावरील नॉसस नगराच्या जुन्या नाण्यांवरही ती दिसते. आपल्या जवळ, गोव्यात सांगे तालुक्यात कुशावती नदीच्या काठी उसगाळीमळ येथे जांभ्या दगडावर प्राचीन माणसांनी प्राण्यांबरोबर लॅबिरिंथही कोरून ठेवला आहे. कोरणाऱ्यांचा हेतू काय होता हे ते लिहून गेले नाहीत.

ख्रिस्तसभेने ही आकृती आपलीशी केली तीही फार लवकर. अल्जिरिया देशात, पूर्वी ऑर्लेआँव्हिल म्हणत त्या नगरात, ३२४ साली पायाभरणी झालेल्या एका चर्चच्या फरशीवर लॅबिरिंथ होता. त्याच्या मध्यभागी अक्षरांचा एक चौकोन आहे. ती अक्षरे वेगवेगळ्या दिशांनी वाचली तरी ‘पवित्र ख्रिस्तसभा’ या अर्थाचे लॅटिन शब्द मिळतात. छळाचा काळ नुकताच संपला होता. वळणावळणाने चालत आलेला माणूस शेवटी ख्रिस्तसभेच्या कुशीत पोहोचतो, असे त्या भाविकांना सांगायचे असावे.

फ्रान्समधील शार्त्र येथील कॅथेड्रलमधला लॅबिरिंथ जगात सर्वांत प्रसिद्ध आहे. तेराव्या शतकाच्या आरंभी तो फरशीत बसवला गेला. त्याचा व्यास सुमारे १३ मीटर, वलये अकरा आणि वाट सुमारे २६० मीटर लांबीची आहे. मध्यभागी सहा पाकळ्यांचे फूल आहे. एरवी त्यावर खुर्च्या मांडलेल्या असतात. अलीकडच्या वर्षांत उपवासकाळापासून सर्व संतांच्या सणापर्यंत शुक्रवारी त्या बाजूला करून तो भाविकांना खुला करण्याची प्रथा पडली आहे. ज्यांना येरुशलेमची यात्रा शक्य नव्हती ते या वाटेवर चालून यात्रेचे पुण्य घेत, असे पुष्कळदा सांगितले जाते. मात्र मध्ययुगातील कागदपत्रांत याला आधार सापडत नाही. ‘येरुशलेमची वाट’ हे नाव बरेच नंतरचे आहे. सुंदर वाटते म्हणून अप्रमाणित गोष्ट आपण सांगू नये.

प्रमाण आहे ते वेगळ्याच गोष्टीला, आणि ती अधिक सुंदर आहे. फ्रान्समधीलच ओसेर येथील कॅथेड्रलमध्ये पुनरुत्थान रविवारी दुपारी धर्मगुरू लॅबिरिंथभोवती हात धरून फेर धरीत, पास्काचे गीत गात आणि एक चेंडू एकमेकांकडे झेलीत. चौदाव्या शतकाच्या अखेरीस या प्रथेची नोंद आहे. १५३८ साली ती बंद झाली. ग्रीक कथेत थीसियस नावाचा वीर लॅबिरिंथमध्ये शिरून तेथल्या राक्षसाला मारतो आणि दोऱ्याच्या आधाराने परत येतो. ख्रिस्ती लोकांनी त्या कथेत आपल्या प्रभूची सावली पाहिली. पवित्र शनिवारी ख्रिस्त मरणाच्या खोल गर्भात उतरला आणि तिसऱ्या दिवशी विजयी होऊन परतला. म्हणून लॅबिरिंथवर पास्काचा आनंद.

पुढे ही जाण क्षीण झाली. रँस येथील कॅथेड्रलमध्ये मुले लॅबिरिंथवर खेळतात, दंगा करतात आणि उपासनेत व्यत्यय येतो, म्हणून १७७९ च्या सुमारास तेथील धर्मगुरूंनी तो उखडून टाकला. आम्हाला त्या धर्मगुरूंची अडचण समजते. रविवारच्या मिस्साच्या वेळी मागच्या अंगणात काय चालते हे आम्हीही ऐकतो! पण मुलांना गप्प करण्यासाठी पाचशे वर्षांची वाट खणून काढली, याची हळहळ वाटल्याशिवाय राहत नाही.

तेव्हा पहिल्या शंकेचे उत्तर असे: आकृती कोणा एका धर्माची नाही. दिवा, धूप, अंगठी ही चिन्हेही ख्रिस्तापूर्वीचीच. ती आपण कोणत्या विश्वासाने वापरतो, यावर सारे अवलंबून आहे.

३. भिंतींच्या बाहेर

लॅबिरिंथ केवळ चर्चच्या फरशीवर नव्हते. इंग्लंडमध्ये गवत कापून जमिनीतच ते आखत. सॅफ्रन वॉल्डन गावच्या सार्वजनिक मैदानावरील असा लॅबिरिंथ १६९९ साली पुन्हा कापल्याची नोंद आहे. तो आजही आहे. स्वीडन-फिनलंडच्या किनाऱ्यांवर दगड मांडून केलेले शेकडो लॅबिरिंथ आहेत. मासेमारीला निघण्यापूर्वी कोळी बांधव त्यावर चालत, म्हणजे वादळी वारे त्या वळणांत अडकून पडतील, अशी तिकडे लोकसमजूत होती. समजूत सोडून देऊ. पण समुद्राकडे जाणाऱ्या माणसाच्या पोटात जी कालवाकालव होते ती आपल्या कोळीवाड्याला परकी नाही.

आताच्या काळात या वाटेला पुन्हा चालना मिळाली ती अमेरिकेत. सॅन फ्रान्सिस्को येथील ग्रेस कॅथेड्रल या एपिस्कोपल चर्चच्या धर्मगुरू लॉरेन आर्ट्रेस यांनी १९९१ साली शार्त्रची आकृती कापडावर रंगवून घेतली. लोक रांगा लावून चालू लागले. १९९५ साली चर्चबाहेरच्या अंगणात पक्का लॅबिरिंथ झाला. तो रात्रंदिवस सर्वांना खुला आहे. तेथून हे लोण पसरले. दगडकाम महाग, म्हणून अनेक ठिकाणी शाळेच्या पटांगणात, उद्यानात, गाड्या ठेवण्याच्या जागेत साध्या रंगाने लॅबिरिंथ आखले जाऊ लागले. २००९ पासून मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी जगभर अनेक जण आपापल्या ठिकाणी दुपारी एक वाजता या वाटांवर चालतात.

रंगवलेल्या वाटेत एक मोठा गुण आहे. तिला दार नाही, भिंत नाही, तिकीट नाही. शाळेतून घरी जाणारा मुलगा त्यावर पळेल, भाजीची पिशवी घेतलेली शेजारची हिंदू किंवा मुस्लिम भगिनी दोन मिनिटे चालून पाहील. त्यांना कोणी काही विचारणार नाही. चर्चच्या दारातून आत यायला ज्यांचे पाऊल अडखळते त्यांच्यासाठी अंगणातली वाट पुष्कळदा पहिले पाऊल ठरते.

४. आकृती कशी काढतात, आणि क्रूसाचा प्रश्न

सर्वांत जुन्या, सात वलयांच्या लॅबिरिंथची कृती ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या भगिनींना लगेच समजेल. प्रथम खडूने क्रूसासारखी, समान भुजांची फुली काढावी. तिच्या चार कोपऱ्यांत चार काटकोन काढावेत, त्यांचे कोपरे फुलीच्या मध्याकडे असावेत. प्रत्येक काटकोनाच्या मोकळ्या बाजूला एक ठिपका द्यावा. आता सोळा टोके झाली. फुलीचे वरचे टोक उजवीकडच्या काटकोनाच्या वरच्या टोकाला कमानीने जोडावे. मग डावीकडचे पुढचे मोकळे टोक उजवीकडच्या पुढच्या मोकळ्या टोकाला, आधीच्या कमानीवरून वळसा घालून. असे आठ वेळा केले की आकृती पूर्ण होते आणि खालच्या बाजूला प्रवेश उरतो.

सात वलयांच्या आकृतीची रुंदी वाटेच्या रुंदीच्या पंधरा पट होते. वाट दीड फुटाची धरली तर साडेबावीस फूट लागतात. काटकोन गाळून केवळ फुली आणि चार ठिपके घेतले तर तीन वलयांची सोपी आकृती होते. ती सात पट जागा घेते. म्हणजे तीन फूट रुंदीची वाट केली तरी एकवीस फुटांत बसते.

रंगाविषयीही थोडे. आधी फक्कीने किंवा खडूने आखून, चालून पाहून मगच रंग द्यावा. कोबा धुऊन पूर्ण सुकू द्यावा. साधा ऑइल पेंट पावसाळ्यात निसरडा होतो. म्हणून रस्त्यावरील पट्ट्यांचा रंग घ्यावा आणि त्यात थोडी बारीक वाळू मिसळावी. पेव्हर ब्लॉकवर रेषा तुटक दिसते, कोब्यावर ती नीट बसते. सार्वजनिक जागा असेल तर ज्यांच्या ताब्यात ती आहे त्यांची लेखी परवानगी आधी घ्यावी.

आता क्रूसाची शंका. ती काढणारे बांधव एकटे नाहीत. सम्राट दुसरा थिओडोशियस याने ४२७ साली जमिनीवर क्रूसाचे चिन्ह काढण्यास मनाई केली होती आणि ६९२ सालच्या कॉन्स्टँटिनोपल येथील धर्मपरिषदेनेही फरशीवरील क्रूस पुसण्यास सांगितले. कारण एकच, ज्या चिन्हाने आपले तारण झाले ते पायदळी तुडवले जाऊ नये. लॅबिरिंथमध्ये फुलीच्या भुजा वाटेच्या कडा होतात. चालणारा दोन रेषांच्या मधून चालतो, रेषेवरून नाही. आणि आकृती पूर्ण झाल्यावर फुली वेगळी ओळखूही येत नाही. तरीही ज्यांच्या मनाला टोचते त्यांच्या भावनेचा मान राखणे हे संत पौलाने आपल्याला शिकवले आहे. म्हणून मध्यभागी क्रूस, पवित्र चित्र किंवा प्रभूचे नाव काहीही रंगवले जाणार नाही. मध्य मोकळा राहील. प्रवेश असा ठेवू की मध्यात उभे राहून मान वर केली की चर्चच्या भिंतीवरील क्रूस समोर दिसेल. क्रूसाची जागा पायाखाली नाही, डोळ्यांसमोर आहे.

५. वाट काय शिकवते?

तिसरी शंका सर्वांत महत्त्वाची. सात वलयांना बाहेरून आत एक ते सात असे क्रमांक देऊ. आपल्याला वाटेल की माणूस पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असा हळूहळू मध्याजवळ जात असेल. तसे होत नाही. वाट आपल्याला प्रथम तिसऱ्या वलयात नेते. तेथून दुसऱ्यात, मग अगदी बाहेरच्या पहिल्यात. म्हणजे चाललो पुष्कळ, पण मध्यापासून दूरच गेलो. मग ती चौथ्यात आणते आणि तेथून एकदम सातव्यात. आता मध्य हाताच्या अंतरावर, मध्ये केवळ एक रेषा. पोहोचलो असे वाटते. पण वाट पुन्हा सहाव्यात, मग पाचव्यात, म्हणजे मागे नेते. आणि ज्या क्षणी आपण म्हणतो की झाले, पुन्हा दूर गेलो, त्याच पाचव्या वलयातून ती सरळ मध्यात उतरते.

प्लेटोच्या ‘युथिडेमस’ या संवादात सॉक्रेटिस म्हणतो की वाद करता करता आपण जणू लॅबिरिंथमध्ये सापडलो. शेवट आला असे वाटले, आणि पाहतो तो पुन्हा आरंभापाशीच. तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला ही तक्रार फार पटत असे. पण सॉक्रेटिसची तक्रार त्याची आहे ज्याला वाट स्वतःच्या बुद्धीने शोधायची आहे. श्रद्धावंताची स्थिती वेगळी आहे. वाट त्याने आखलेली नाही. त्याला ती केवळ चालायची आहे.

पवित्र शास्त्र हेच सांगते. निर्गमच्या तेराव्या अध्यायात देवाने आपल्या लोकांना पलिष्ट्यांच्या प्रदेशातून जाणाऱ्या जवळच्या वाटेने नेले नाही, रानातून वळसा घालून नेले. लांबची वाट ही शिक्षा नव्हती. ते घाबरून परत फिरू नयेत म्हणून देवाने घेतलेली ती काळजी होती. शेवटच्या भोजनाच्या वेळी थॉमस तर स्पष्टच म्हणाला की कोठे जायचे तेच ठाऊक नाही, मग वाट कशी कळणार. त्याला नकाशा मिळाला नाही. प्रभूने स्वतःलाच मार्ग म्हटले. आणि पुनरुत्थानाच्या दिवशी अम्माऊसला निघालेले दोघे शिष्य येरुशलेमकडे पाठ करून चालले होते. उलट दिशेने चालताना प्रभू त्यांच्या शेजारी होता, हे त्यांना नंतर कळले.

हे आम्ही का लिहितो? घरभेटींना गेलो की एक वाक्य आम्हाला वारंवार ऐकू येते: ‘फादर, आमचे काय चुकले?’ मुलाची नोकरी गेली, मुलीचे ठरलेले लग्न मोडले, आजार बरा होत आला होता तो पुन्हा उलटला. प्रार्थना चालू होती, मिस्सा चुकत नव्हता, देव जवळ वाटत होता आणि अचानक सारे दूर गेले. अशा वेळी माणूस समजतो की वाट चुकली किंवा देवाने टाकले. शेजारीही तसेच बोलतात, आणि ते बोलणे दुखण्यापेक्षा अधिक दुखते. प्रत्येक दुःख देवच आखतो असे आम्ही म्हणत नाही. काही दुःखे माणसाच्या पापाने येतात, काहींचे कारण आम्हाला कळत नाही. पण मध्यापासून दूर नेणारे वळण म्हणजे वाट सुटली असे नव्हे, एवढे मात्र खात्रीने सांगतो. सातव्या वलयातला माणूस मध्याला खेटून आहे, पण त्याचे चालणे पाचव्यातल्या माणसापेक्षा अधिक उरले आहे. बाहेरून पाहणाऱ्याला हे दिसत नाही. म्हणून दुसऱ्याच्या वळणावरून त्याची श्रद्धा मोजू नये.

आणखी एक गोष्ट. अरुंद वाटेवर आत जाणारे आणि बाहेर येणारे समोरासमोर येतात. कोणीतरी बाजूला सरकून जागा द्यावी लागते. घरात आणि धर्मग्रामात आपण हेच विसरतो.

६. थोडी सावधगिरी

लॅबिरिंथमधून कसली शक्ती, लहरी किंवा ऊर्जा मिळते असे काही जण सांगतात. अशा कल्पनांपासून आपण दूर राहावे. २००३ साली व्हॅटिकनने नवयुग चळवळीविषयी जो दस्तऐवज काढला त्यात ख्रिस्ती प्रार्थना आणि अशा कल्पना यांतील भेद नीट समजावला आहे. ख्रिस्ती प्रार्थना म्हणजे ऊर्जा मिळवणे नव्हे, प्रेम करणाऱ्या देवाला भेटणे आहे. रंगाच्या रेषेत सामर्थ्य नाही. ही वाट मिस्सा, पापनिवेदन किंवा क्रूसाची वाट यांची जागा घेणार नाही. ज्यांना चालावेसे वाटणार नाही त्यांनी चालू नये. त्यांची भक्ती त्यामुळे कमी होत नाही.

७. मग आपण काय करणार?

आम्ही कोबा मोजला. तो पंचवीस फूट रुंद आहे. युवकांना सात वलये हवी आहेत आणि ती बसतातही. पण दीड फुटाच्या वाटेवर चाकाची खुर्ची चालणार नाही, काठी टेकणारी आजी नातवाचा हात धरून चालू शकणार नाही. म्हणून परिषदेशी बोलून आम्ही असे ठरवले आहे की अंगणात तीन वलयांची, तीन फूट रुंद वाट करावी. वळणे कमी होतील, पण सर्वांना मध्यापर्यंत जाता येईल. चाक रेषेवर गेले तरी बिघडत नाही. ती रेषा आहे, भिंत नाही.

सात वलयांची आकृतीही सोडायची नाही. इटलीत लुक्का येथील कॅथेड्रलच्या ओसरीत खांबावर एक छोटा लॅबिरिंथ कोरला आहे. तो पायांनी नाही, बोटाने चालायचा. तशीच सात वलये कागदावर छापून आम्ही घरोघरी देणार आहोत. अंथरुणाला खिळलेल्या आपल्या बंधुभगिनींनी त्यावर बोट फिरवून प्रार्थना करावी. घरच्यांनी त्यांच्याजवळ बसावे.

भस्म बुधवारच्या आधीच्या शनिवारी वाट प्रथम फक्कीने आखली जाईल. पुनरुत्थान रविवारपर्यंत चालून पाहू. सर्वांचे मत घेऊन मगच रंग. दुचाक्या तोवर शाळेच्या बाजूला लावाव्यात, ही विनंती. मुलांना वाटेवर पळू द्यावे. येथे कोणी ती उखडणार नाही.

चिंतनासाठी प्रश्न (लहान ख्रिस्ती समूहांसाठी)

१) निर्गम १३:१७-१८ वाचा. माझ्या आयुष्यातील लांबच्या वाटेने मला कशापासून वाचवले असे आज वाटते?

२) लूक २४:१३-३५ वाचा. मी देवाकडे पाठ करून चालत होतो तेव्हा माझ्याबरोबर कोण चालले?

३) आपल्या समूहात सध्या कोणते कुटुंब दूर नेणाऱ्या वळणावर आहे? त्यांना सल्ला न देता त्यांच्याबरोबर चालण्यासाठी या आठवड्यात आपण काय करू शकतो?

जो स्वतः आपला मार्ग झाला तो प्रभू तुम्हा सर्वांची पावले सांभाळो.

तुमचे धर्मगुरू